यक्षनगरीच्या दाराशी तीन रविवार

मुलुंड,
सोमवार, ९ नोव्हेंबर १९८७

प्रिय मृणाल,

तुझं पत्र गुरुवारी आलं आणि आज सोमवार उजाडला. मधल्या दिवसांत तीनदा लिहायला बसले आणि तीनदा कागद फाडला. आई म्हणाली, काय गं, कसली परीक्षा देतेयस? आता तिला काय सांगू! पण आधी मनापासून अभिनंदन, नाहीतर तेच राहून जायचं. एकोणतीसला रविवार आहे, म्हणजे रजेची कटकट नाही. मी आदल्या दिवशीच अंधेरीला येऊन ठाण मांडणार. मुलगा आवडला असं तू सरळ लिहिलं नाहीस, पण श्यामसुंदरचं बिस्कीट चहात पडलं आणि त्याने ते सगळ्यांसमोर चमच्याने काढून खाल्लं, जरासुद्धा लाजला नाही, असं अर्धं पान कोण लिहितं गं, आवडल्याशिवाय? मी ते दोनदा वाचलं. मग पान उलटलं, तर पुढे हे.

साखरपुड्याला त्याच्या नलिनीआत्या म्हणे अगदी गोडीत म्हणाल्या, मुलीच्या मामाचं मनाला लावून घेऊ नका, संबंध नाहीत हे आम्हाला ठाऊक आहे, मुलीला बोहल्यावर आणायला मामाच्या जागी एखादा चुलता उभा करा, आमचं काही म्हणणं नाही. आणि तुझे पप्पा, आमचे काशीरामकाका, जे एरवी बसच्या कंडक्टरशीसुद्धा हुज्जत घालतात, ते गप्प बसले, कारण जमलेलं मोडायला नको. मंजुकाकी आपल्या भावाबद्दलचं हे ऐकून चहाचे कप उचलून आत गेल्या त्या गेल्याच, आणि तेव्हापासून घरात कामापुरतं बोलतात. लखमशीमामांना अजून कुणी काही सांगितलेलं नाही. ते बिचारे इथे पाच रस्त्याच्या नाक्यावर आपल्या दुकानात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतायत की भाचीसाठी पानेतर आणलंय, मामाकडची नवरीची साडी. परवा मी रिफिल आणायला गेले तर मलाही काढून दाखवलं. पांढरं, लाल काठाचं. मला धड बघवलंही नाही. वीस दिवस राहिलेत, आणि तू विचारतेयस, आता तोंड उघडू की गप्प बसू, आणि त्या लोकांचा हा समज झाला तरी कुठून?

येते त्याच्याकडे. पण आधी मला दुसरंच एक विचारायचंय, आणि हसू नकोस. अर्ध्या यक्षिणीला वेगळे नियम लागतात की नाही? पाच वर्षं झाली, मला अजून उत्तर येत नाही. ऑफिसात टाइप करता करता हात थांबतो, साहेब विचारतात काय अडलं, आणि मी म्हणते रिबन अडकली. यक्षिणीचं बघतेय असं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी दुसरी टायपिस्ट आणतील.

तुला सगळं माहीत आहे, पण पहिल्यापासून लिहिल्याशिवाय माझं डोकं चालायचं नाही, तेव्हा वाच मुकाट्याने. आमच्या श्यामकांतदादाने अमेरिकेहून ते खोकं आणलं तेव्हा आपण अकरावीत. आपल्याला वाटलं सापशिडीसारखं काहीतरी असेल. उघडलं तर पट नाही, सोंगट्या नाहीत, नुसती दोन पुस्तकं आणि आठ बाजूंचे, वीस बाजूंचे, कधी न बघितलेले फासे. आपल्या बिल्डिंगमधला चंद्रप्रकाश म्हणाला होता, यार, दादाला कुणीतरी गंडवलं. मग मी डिक्शनरी घेऊन पंधरा दिवस बसले आणि लक्षात आलं, बाई गं, हा तर नाटकाचा खेळ आहे. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. एकाने सूत्रधार व्हायचं. समोर काय आहे ते सूत्रधाराने सांगायचं, आपण काय करतो ते पात्रांनी सांगायचं, आणि जमलं की नाही ते फाशाने. मी सगळं मराठीत एका लांब वहीत उतरवलं. त्यांच्यातले ते टोकदार कानांचे लोक मी यक्ष करून टाकले, बुटके होते त्यांना पाताळातले नाग केलं. आणि वही माझी म्हणून सूत्रधार मीच, यावर कुणी तोंड उघडायची सोयच ठेवली नाही.

गच्चीवर टाकीच्या सावलीत आपण चौघं, तू, मी, शिवदास आणि चंद्रप्रकाश. दुपारी तीनला सुरू, टीव्हीवरचा सिनेमा लागायच्या आत बंद. मंजुकाकींचे ठेपले नि कैरीचा गोड छुंदा मध्ये, तेलकट बोटांचे डाग अजून आहेत वहीवर. पहिल्याच दिवशी मी प्रत्येकाला कागद दिला, नाव लिहा, कुळ लिहा. शिवदास माणूस झाला, चंद्रप्रकाश नाग. तू नाव लिहिलंस केतकी, आणि कुळाच्या रकान्यात लिहिलंस, बाप माणूस, आई यक्षीण. मी म्हटलं, रकाना एकच आहे, एकच काहीतरी लिही. तू म्हणालीस, मग रकाना मोठा कर ना.

तिथून जे पेटलं! चंद्रप्रकाशचं म्हणणं, हिला माणसाचेही फायदे आणि यक्षाचेही, मग आम्ही काय इथे गोट्या खेळायला आलोय? शिवदास म्हणाला, सोपं आहे, बापाचं कुळ तेच मुलीचं, लिही माणूस आणि विषय संपव. तू त्याच्याकडे बघून विचारलंस, आणि आई? ती मोजायचीच नाही? शिवदासने ठेपला तोंडात कोंबला. मला तेव्हा एवढंच कळलं की खेळाची वाट लागतेय आणि सूत्रधार म्हणून मी काहीतरी करायला हवं. इंग्रजी पुस्तकात अर्ध्यांसाठी चार ओळी होत्या. त्या चार ओळींचं मी रात्रभर बसून अख्खं पान केलं. वर लाल शाईने मथळा, अर्ध्यांचे नियम. अंधारात दिसेल, पण यक्षाच्या निम्म्या अंतरापर्यंत. मंत्र येतील, पण एक पायरी उशिरा. पाचव्या पायरीच्या वर जाता येणार नाही. आणि यक्षनगरीच्या दाराशी रोज एकदा वीस बाजूंचा फासा टाकायचा, अठरा किंवा वर पडलं तरच आत. मला ते पान इतकं झकास वाटलं होतं, मृणाल! एका हाताने द्यायचं, दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं, सगळं कसं सारखं. तू वाचलंस आणि म्हणालीस, चालेल. मी त्या 'चालेल'वर खूश. आता वाटतं, ते कसलं चालेल होतं गं?

आपण त्या दारापर्यंत पोचलो ते पुढच्या डिसेंबरात. शिवदास माणूस, म्हणून पाहुणा, आत. चंद्रप्रकाश नाग, त्यांचा नि यक्षांचा जुना तह, आत. तू टाकलास फासा, पडले सात. मी म्हटलं, केतकी दाराबाहेर थांबते, उद्या परत. आणि त्या दोघांना घेऊन मी नगरीत शिरले, काय ते तलाव, काय ते स्फटिकाचे जिने, तीन तास वर्णन करत होते. तू बसून होतीस. पुढच्या रविवारी पडले अकरा. तू पुन्हा बसून. तिसऱ्या रविवारी चंद्रप्रकाश स्वतःच म्हणाला, अगं जाऊ दे ना तिला, कोण बघतंय? आधी तोच भांडला होता, आणि आता तोच. आणि मी काय म्हटलं? नियम म्हणजे नियम. सोळा पडले होते त्या दिवशी. सोळा! डोळे मिटून दोन जास्त मोजले असते तर कुणाचं काय गेलं असतं? पण मला स्वतःचा अभिमान वाटत होता, की बघा, सगळ्यात जवळची मैत्रीण आहे तरी लबाडी करत नाही. आणि ती तुझी यक्षीण आई त्या नगरीतलीच होती, हे तूच पहिल्या दिवशी कागदावर लिहिलं होतंस. तीन रविवार मी तुला तुझ्या आईच्या गावाबाहेर बसवून ठेवलं, आणि वर तुझ्या खऱ्या आईच्या हातचे ठेपले खाल्ले. चौथ्या रविवारी तू आली नाहीस. मंजुकाकींना बरं नाही, असा निरोप आला. मग बारावीची परीक्षा आली, मग काकांना अंधेरीच्या कंपनीत नोकरी लागली आणि तुम्ही इथलं घर सोडलंत. त्या दाराबद्दल तू एक अक्षर बोलली नाहीस आणि मीही विचारलं नाही.

तू गेल्यावर आम्ही तिघांनी काही दिवस चालवलं, हे तुला कधी सांगितलं नाही. मी ते लाल शाईचं पान फाडून टाकलं. म्हटलं, वेगळे नियमच नकोत, ज्याने त्याने एक बाजू घ्यावी. तर शिवदास म्हणाला, म्हणजे मी तेव्हा म्हणत होतो तेच की, बापाचं कुळ. आणि खरंच तेच होतं. मग म्हटलं, बरं, अर्ध्याने दोन्हीकडचं हवं ते उचलावं. तर पुढच्या रविवारी शिवदास अर्धा यक्ष नि चंद्रप्रकाश अर्धा नाग अर्धा वानर होऊन आला. साधा माणूस व्हायला कुणी तयार नाही! मग कुळाचा रकानाच खोडला, सगळे सारखे. तर यक्षनगरीला काही अर्थ उरेना, नुसती टोकदार कानांची माणसं. नियम ठेवले तर तू दाराबाहेर, नियम काढले तर तुझी आईच गायब. मधलं काही असेल तर मला ते सापडलं नाही. खोकं माळ्यावर गेलं.

आणि गंमत बघ, तुमच्या घरात हे सगळं न लिहिता चाललं होतं. काकांचे बांगडे गॅलरीतल्या स्टोव्हवर, ते स्वतः तळायचे, आणि तेवढा वेळ काकी आमच्याकडे येऊन आईला वाती करू लागायच्या. वास गेला की परत. तू दोन्हीकडे. मी एकदा तुला विचारलं होतं, तुला मासे आवडतात की नाही, एक काय ते सांग. तू म्हणालीस, पप्पांच्या ताटातले आवडतात. मला तेव्हा ते उत्तरच वाटलं नव्हतं. काका मला जिन्यात दिसले की मालवणीत हाक मारायचे, काय गो चेडवा, आणि मागून काकी कच्छीत काहीतरी ओरडायच्या, आणि तू दोघांना मराठीत उत्तर द्यायचीस. बाहेर मात्र सगळ्यांना रकाना हवाच. गणपतीत समितीने तुला गुजराती मुलींच्या नाचात घातलं, नवरात्रात त्याच मुली तुला मराठी छोकरी म्हणायच्या. तुझा चेहरा आठवतो मला तेव्हाचा. आठवतो म्हणजे, मी बघितला होता आणि पुढे नाचायला गेले होते. रागाव माझ्यावर, रागाव एकदाची. पाच वर्षं तू नुसती दिवाळीची कार्डं पाठवतेयस नि मी ती जपून ठेवतेय, याचा मला कंटाळा आलाय.

आता लिहिते, नाहीतर हाही कागद फाटेल. सप्टेंबरात, गणपती गेल्यानंतरच्या शनिवारी, नलिनीआत्या आमच्याकडे चौकशीला आल्या होत्या. जुन्या शेजाऱ्यांकडे विचारतात तशा, कुणाच्या तरी ओळखीने. आईने पोहे केले आणि म्हणाली, आमच्या क्षमाला विचारा, तिची जिवाभावाची मैत्रीण. आत्यांनी विचारलं, आई गुजराती ना मुलीची, मग वळण कुणाचं? येणं-जाणं कुणाकडे? मुलगी नक्की आपल्यातली म्हणायची की त्यांच्यातली? मृणाल, माझ्या डोळ्यांपुढे तू टाकीखाली बसलेली आलीस. मी ठरवलं, या वेळी नाही. या वेळी फासा नाही, अट नाही, सरळ आत. आणि मी म्हटलं, पूर्ण आपलीच आहे हो, आई आपली नावाला गुजराती, माहेरचं कुणी येत नाही की जात नाही, मामाबिमासुद्धा नाही. भाऊबीजेला दरवर्षी डबा घेऊन येणारा माणूस मी दोन शब्दांत पुसून टाकला. आत्यांचा चेहरा असा खुलला, दुसऱ्यांदा पोहे घेतले त्यांनी. आणि मला काय वाटलं सांगू? की फेडलं आपण एकदाचं. तुझं जमल्याचं कळलं तेव्हा मी आईला पेढे आणायला लावले. कुणाला खोटं वाटेल, पण मी हे प्रेमाने केलं. तेव्हाचं पानसुद्धा प्रेमानेच लिहिलं होतं. म्हणूनच मला काही समजेनासं झालंय. एकदा नियम लावून तुला बाहेर ठेवलं, एकदा नियम काढून काकींना बाहेर काढलं, आणि दोन्ही वेळा तुझ्याबद्दल ठरवताना तुलाच विचारायचं मला सुचलं नाही. तू तर समोरच बसलेली होतीस. आता माझ्या मनात आहे की येत्या रविवारी, पंधराला, घाटकोपरला जावं आणि नलिनीआत्यांना सांगावं की मी खोटं बोलले, लखमशीमामा आहेत, येतात, आणि मृणालला बोहल्यावर तेच आणतील. पण त्यावर ते लोक म्हणाले की आणखी काय काय लपवलंत, आणि लग्न मोडलं, तर? तुला तो बिस्कीटवाला आवडलाय. आणि गप्प बसले तर काकी त्या दिवशी मांडवात कुठे बघत उभ्या राहतील? तू आधी श्यामसुंदरशी बोलणार असशील तर बोल, माझं नाव सांग, सगळं माझ्यावर घाल. काकींना मी स्वतः येऊन सांगायचं असेल तर येते, त्यांनी दार लावून घेतलं तरी येते. की तुला वाटतं मी काहीच करू नये? मला खरंच कळत नाही गं. मृणाल, तुला काय हवंय? जाऊ की नको, एवढंच कळव, शनिवारच्या टपालाने मिळेल असं. उत्तर आलं नाही तर जाईन म्हणते. नाही, तू सांगितल्याशिवाय नाही जाणार.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
तुझीच
क्षमा